खिडकीतले दगड

आत्या पहाटे पाचला उठते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा तिसरा दिवस होता. वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, गॅससमोर उभं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलेलं. जुन्नरला चाळीस कुंड्यांच्या राबत्यात असणारी बाई माझ्या फ्लॅटमध्ये हात बांधून किती वेळ बसणार? सातला मी उठून पूर्वेच्या खिडकीशी गेले, तर लिथॉप्सच्या पसरट कुंडीतली खडी भिजून काळीभोर झाली होती, खालची बशी काठोकाठ भरली होती आणि कट्ट्यावर तांब्या उपडा घातलेला होता.

"आत्या, यांना पाणी घातलंस?"

"घातलं. माती ठणठणीत कोरडी पडली होती. किती दिवस घातलं नव्हतंस?"

"डिसेंबर संपता संपता घातलं होतं. त्यानंतर नाही."

काळ्या चष्म्याआडून तिनं माझ्याकडे पाहिलं. "दीड महिना? अगं, मांजर असतं तर ओरडलं तरी असतं."

"त्यांना आत्ता पाणी नकोच असतं."

"पाणी नको असलेलं झाड मी अजून बघितलेलं नाही."

मी बशी रिकामी केली, कुंडी पंख्याखाली ठेवली आणि तिला जवळ बोलावलं. पाच लिथॉप्स होते. प्रत्येक जेमतेम नाण्याएवढा, वरून सपाट, तपकिरी, त्यावर गर्द रेघांची नक्षी, मधोमध एक भेग. खोड नाही, फांदी नाही; दोन जाडजूड पानं एकमेकांना चिकटून बसलेली, तेवढंच झाड. भेग थोडी फाकली होती आणि आत पाहिलं तर नवी जोडी दिसत होती. जुनी भेग आडवी, तर नवीची उभी. आत्यानं चष्मा कपाळावर सरकवला. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला दोन दिवसांपासून सगळं लख्ख दिसायला लागलं होतं.

"आतून दुसरं येतंय."

"हो. बाहेरच्या पानांतलं पाणी आतली पानं ओढून घेतात. थंडी सरेपर्यंत बाहेरची जोडी आटत आटत कागदासारखी होते आणि गळून पडते. या दिवसांत वरून पाणी मिळालं, तर जुनी पानं आटत नाहीत. मग जुनं जागा सोडत नाही आणि नवं आतल्या आत फुगतं."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"चार मारून कळलं."

ती काही बोलली नाही. नंतर पोहे खाता खाता तिनं विषय परत काढला. आत्याला एखादी गोष्ट पटली नाही की ती घास चावत चावत तिचा विचार करते.

"दगडासारखं दिसतं ते कशासाठी?"

मी तिला बर्चेलची गोष्ट सांगितली. विल्यम बर्चेल हा इंग्रज प्रवासी १८११ साली दक्षिण आफ्रिकेत प्रिस्का गावाच्या आसपास फिरत होता. खडकाळ जमिनीवर त्याला एक वेगळ्या आकाराचा गोटा दिसला म्हणून त्यानं तो उचलला, तर ते झाड निघालं. पुढं १९२२ साली एन. ई. ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्या वंशाला लिथॉप्स नाव दिलं. लिथॉस म्हणजे ग्रीकमध्ये दगड, ऑप्स म्हणजे चेहरा. दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या कोरड्या पट्ट्यात ही झाडं जवळजवळ पूर्ण जमिनीत बुडालेली असतात, फक्त वरचा माथा उघडा. तो माथा म्हणजे खिडकी. ऊन तिथून आत शिरतं आणि जमिनीखालच्या हिरव्या भागापर्यंत पोचतं. चरणाऱ्या जनावराला तो गोटाच वाटतो.

"म्हणजे कुणी आपल्याकडे बघू नये म्हणून ते तसं झालंय," आत्या म्हणाली. "आणि तू ते आणून खिडकीत मांडलंयस."

याला माझ्याकडे त्या वेळी उत्तर नव्हतं.

मी बँकेत ऑडिटला आहे. महिन्यातले दहा-बारा दिवस बाहेर, कधी लातूर, कधी नंदुरबार, कधी कणकवली. या घरात राहायला आले तेव्हा हौसेनं मोगरा, जास्वंद, गोकर्ण असं सगळं लावलं होतं. एप्रिलमध्ये आठ दिवसांनी परत यायचं आणि कुलूप काढल्या काढल्या ग्रिलकडे धावायचं, याची धास्तीच बसली. मोगरा गेला त्या संध्याकाळी त्याच्या काड्या मोडून पिशवीत भरताना मी रडले होते. पुढं वर्षभर कुंड्या रिकाम्या राहिल्या. मग ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं हावर्थियाचं पिल्लू दिलं, सुपारीएवढं. त्याला ठेवून मी बारा दिवस दौऱ्यावर गेले. परत आले तर ते जसंच्या तसं होतं. पानांची टोकं फुगीर, पारदर्शक, आत हिरव्या शिरा. सकाळचं ऊन त्यातून आरपार जात होतं. त्या दिवशी मी खिडकीशी उभी राहून चहा प्यायले.

"म्हणजे तुझ्या सोयीचं झाड," आत्या म्हणाली.

"हो, सोयीचं."

"आमच्या दारावर कोरफड उलटी टांगलेली असायची. ना माती, ना पाणी. तरी कित्येक महिने हिरवी राहायची, टोकं वर वळायची. तिला कुणी घरातलं झाड म्हणत नव्हतं. ती नजर लागू नये म्हणून होती. तगून राहणं वेगळं आणि नांदणं वेगळं, बाई."

हे मात्र मला मनापासून पटलं, आणि मी तिला तसं सांगितलंही. कारण बाजारात ही झाडं ज्या पद्धतीनं विकतात त्यावर माझा रागच आहे. दिवाळीत मला ऑफिसातून काचेचा वाडगा भेट मिळाला होता. त्यात तीन सक्युलंट, वर निळे-पांढरे रंगीत खडे, तळाला भोक नाही, खाली नुसता ओला कोकोपीट. सोबत चिठ्ठी: काळजी लागत नाही, कुठंही ठेवा. ज्यांनी हे विकलं त्यांना त्या झाडाविषयी काही ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून सांगायचं नव्हतं. अशा वाडग्यात मुळं कुजायला लागतात तरी वरून झाड ताजंतवानं दिसत राहतं, कारण त्याच्या पोटात साठा असतो. महिना-दोन महिने ते मरत असतं आणि घरातली माणसं पाहुण्यांना कौतुकानं दाखवत असतात. मोगरा तरी मान टाकतो. हे झाड शेवटपर्यंत कळू देत नाही.

"मग यात सोपं काय राहिलं?" आत्यानं विचारलं.

"हाताला काम कमी आहे. डोळ्याला आहे."

मी तिला हावर्थिया दाखवला. आता त्याची सात पिल्लं झाली आहेत. मातीची कुंडी, तळाला मोठं भोक. आत निम्म्याहून जास्त वीटचूर, जाड रेती आणि मुरमाचे बारीक खडे, उरलेलं शेणखत मिसळलेली माती. ओतलेलं पाणी दहा-पंधरा सेकंदांत तळातून बाहेर आलं पाहिजे. द्यायचं तेव्हा पोटभर, भोकातून वाहीपर्यंत, आणि मग पूर्ण सुकेपर्यंत हात लावायचा नाही. थंडीत हे साधारण पंधरा दिवसांनी. भर उन्हाळ्यात झाड विसावतं, तेव्हा आणखी कमी. पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा तीन-तीन आठवडे काही नाही. पण दिवस मोजून पाणी देणारा फसतो. मी कुंडी उचलून बघते. कोरडी कुंडी हाताला हलकी लागते. अगरबत्तीची काडी मातीत खुपसून बाहेर काढते. पानाला अंगठ्यानं हलकं दाबते. तहानलेलं पान किंचित मऊ पडतं, त्याची टोकं आत ओढली जातात.

"आणि ऊन?"

"याला कोवळं. रानात हे झुडपांच्या सावलीला वाढतं, म्हणून घरात रमतं. दुपारचं ऊन लागलं की तांबूस पडतं. लिथॉप्सचं उलटं आहे. त्याला चार-पाच तास चांगलं ऊन नसेल तर ते मान वर काढतं, उंच होतं, मऊ होतं आणि मग जातं. टीपॉयवर, टीव्हीशेजारी, पुस्तकांच्या कपाटात ठेवलेलं एकही लिथॉप्स मी वर्षभर टिकलेलं पाहिलेलं नाही. नवशिक्यानं त्याच्या नादी लागूच नये. हावर्थिया घ्यावा, नाहीतर गॅस्टेरिया, हे बघ, जिभेसारख्या पानांचं."

गॅस्टेरियाच्या पानांच्या बेचक्यात आत्याला पांढरं काही दिसलं. नव्या डोळ्याची करामत. मला ते दिसलं नव्हतं. पिठ्या ढेकूण होता. मी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून तो पुसला आणि आत्या म्हणाली, "कपाशीवर असतो तोच." शेतकऱ्याची मुलगी आहे ती.

पाणी घातल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी पाचातला एक लिथॉप्स उकलला होता. एका बाजूचं जुनं पान माथ्यापासून बुडापर्यंत फाटलं होतं, आतला गर पाणचट, काचेसारखा झाला होता. बोट लावलं तर पिकलेल्या द्राक्षासारखं लागलं. मी तो काढून टाकला, जागा कोरडी केली. आत्या मागं उभी होती. तिनं विचारलं नाही, मीही बोलले नाही.

तिच्या डोळ्यात औषध घालायची वेळ झाली होती. ती खुर्चीत मान मागं टाकून बसली, मी खालची पापणी ओढून एक थेंब सोडला.

"अजून एक घाल."

"डोळ्यात मावतो एकच, आत्या. दुसरा गालावरून ओघळतो."

पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं असतं. तशीच मिटल्या डोळ्यांनी ती बोलायला लागली.

"मी एक झाड असंच मारलंय. १९७९च्या पावसाळ्यात. शाळेत लागून पाच-सहा वर्षं झाली असतील. शिवनेरीच्या कड्याकडनं पोरांनी उपटून आणलं माझ्यासाठी. बाईंना फुलं आवडतात म्हणून. पाच कोनांचं फूल, चांदणीसारखं, तांबडं-जांभळं, मध्ये पिवळ्या खुणा. हिरवी मांसल कांडी, तिला पानं. मी ते सगळ्यात मोठ्या कुंडीत लावलं, शेणखत घातलं, सकाळ-संध्याकाळ पाणी. पंधरा दिवसांत कांडी बुडातून पिवळी पडली आणि हातात आली. पुढं किती वर्षांनी कॉलेजातल्या एका सरांनी सांगितलं, ती शिंदळ माकुडी. म्हणाले, बाई, ती फक्त आपल्या महाराष्ट्रातच आहे, जगात दुसरीकडं रानात कुठंच नाही."

मी चपापले. ज्या झाडाची छायाचित्रं मी वर्षानुवर्षं बघत आले ते माझ्या आत्यानं ओच्यात घेतलं होतं. त्याचं शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. १८६०च्या दशकात डाल्झेल या स्कॉटिश अधिकारी-वनस्पतिशास्त्रज्ञाला ते जुन्नर परिसरातच सापडलं आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून त्याला हे नाव मिळालं. अलीकडं त्याला शिवसुमन असंही म्हणतात. कड्याच्या कपारीत, जिथं मातीची जेमतेम मूठभर पुंजी असते, तिथं ते उगवतं.

"तुला माहीत नव्हतं," मी म्हणाले.

"नव्हतं. पण मी विचारलंही नाही. कड्यावरचं झाड, तिथं माती किती, पाणी किती थांबतं, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मला वाटलं, बिचारं उपाशी राहत असेल तिथं. त्यानंतर दर पावसाळ्याच्या सुरुवातीला मी वर्गात सांगायचे, कड्यावरचं काही उपटायचं नाही. फूल बघायचं आणि परत यायचं." तिनं डोळे उघडले. "म्हणून विचारते. तुझे हे दगड कुणी उपटून आणलेत?"

ती बोलत होती ते खरं होतं, आणि मला तिला ते पूर्ण सांगायचं होतं. दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिमेला नामाक्वालँड नावाचा प्रदेश आहे. तिथं लिथॉप्सचीच चुलत भावंडं, कोनोफायटम, दगडांच्या भेगांतून वाढतात. बटणाएवढी, काही वाटाण्याएवढी. एखादी जात म्हणजे एखादीच टेकडी, टेकडीचा एकच उतार, असंही असतं. गेल्या काही वर्षांत घरातल्या विचित्र छोट्या झाडांचं वेड जगभर पसरलं, विक्री फोनवरून व्हायला लागली आणि या टेकड्यांवर पिशव्या घेऊन माणसं फिरायला लागली. २०१९ नंतरच्या थोड्या वर्षांत दक्षिण आफ्रिकेत पकडलेल्या चोरीच्या सक्युलंटची संख्या दहा लाखांच्या वर गेली. ही फक्त पकडलेली. खणणारी माणसं बहुतेक गरीब, गावात काम नसलेली. पैसा दूरच्या गिऱ्हाइकाकडून येतो. एक टेकडी एका दुपारी रिकामी होऊ शकते. ती परत भरायला किती पिढ्या लागतील, हे टेकडीलाच ठाऊक.

"मग तू ते का ठेवतेस?" आत्यानं सरळ विचारलं.

"माझे बियांपासूनचे आहेत. चार मेले म्हटलं ना, ते विकतचे होते, आणि ते कुठून आले हे मी तेव्हा विचारलं नव्हतं. नंतर बी मागवलं. धुळीसारखं बारीक असतं. रेतीवर भुरभुरायचं, झाकायचं नाही. तीन वर्षं लागली नाण्याएवढे व्हायला. त्यातल्या एकाला गेल्या ऑक्टोबरात फूल आलं, पांढरं, शेवंतीसारखं, झाडापेक्षा मोठं. दुपारी उघडायचं, संध्याकाळी मिटायचं. त्याचं फळही मी ठेवलंय. ते बघ."

वाळलेली डबी तिच्या तळहातावर ठेवून मी त्यावर पाण्याचा थेंब सोडला. एक-दोन मिनिटांत टोप्या हळूहळू बाहेर उलटल्या आणि डबी चांदणीसारखी उघडली. रानात पाऊस पडला की ती अशी उघडते, वरून पडणारे थेंब बिया उडवतात, आणि ऊन पडलं की परत मिटते. उरलेल्या बिया पुढच्या पावसासाठी. आत्या ती डबी हातात धरून बसली होती. ती सुकून परत मिटेपर्यंत बसली, पाऊण तास तरी.

"रानातून आणलेलं कसं ओळखायचं?" ती मध्येच म्हणाली.

"बुडाशी जुन्या वाळलेल्या पानांचे थर असतात, अंगावर ओरखडे, मूळ तुटलेलं. रोपवाटिकेतली एकसारखी, गुळगुळीत असतात. आणि दुर्मीळ म्हणून कुणी मोठं झाड देत असेल तर बी कुठलं, किती वर्षांचं, हे विचारायचं. सांगता आलं नाही तर घ्यायचं नाही."

"ही चौकशी करायची आणि म्हणे सोपं झाड."

खरंतर सोपेपणाची माझी बाजू मी इथंच सोडून द्यायला हवी होती, पण एक गोष्ट तिला सांगायची राहिली होती. शिंदळ माकुडीचीच. पावसाळ्यात तिला पानं फुटतात, उन्हाळ्यात गळून जातात, नुसती कांडी राहते. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की तिची पानं दिवसा श्वास घेतात, आपल्या साध्या झाडांसारखी, पाणी उधळत. कांडी मात्र रात्रीची तोंड उघडते. एकाच झाडात दोन रीती.

"रात्रीची का?"

"दिवसा पानावरची छिद्रं उघडली की हवेबरोबर आतलं पाणीही वाफ होऊन जातं. म्हणून ही झाडं रात्री गारव्यात छिद्रं उघडतात, हवा आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात आणि दिवसा दार लावून त्यावर अन्न शिजवतात. लिथॉप्स, हावर्थिया, कोरफड, सगळे याच रीतीचे. घोळीच्या भाजीला तर दोन्ही जमतं. पाणी आहे तोवर दिवसाचा कारभार, टंचाई आली की रात्रीचा."

"घोळ आंबट लागतेच," आत्या म्हणाली.

मग ती उठून खिडकीशी गेली आणि तिनं मला जे सुनावलं ते मी विसरलेले नाही.

"तुझं म्हणणं कळलं मला. कोरड्यात जगणाऱ्याला ओल देऊन मारू नये. चुकलं माझं, तेव्हाही आणि परवाही. पण तू मोगरा सोडलास ना, ते मला पटलेलं नाही. तुझे काका गेल्यावर मला सकाळी उठायला कारण नव्हतं. मुलं लांब. त्या चाळीस कुंड्या होत्या. उन्हाळ्यात एक दिवस चुकला तर मान टाकतात म्हणून मी उठले. मला वाट बघणारं कुणीतरी लागतं, बाई. तुझी झाडं कुणाची वाट बघत नाहीत."

"मी घरी नसते, आत्या."

"मीही आत्ता नाहीये घरी. माझ्या कुंड्यांना कोण पाणी घालतंय? शेजारची सून. किल्ली तिच्याकडं आहे. ती माहेरी जाते तेव्हा तिची मी बघते. बाळंतपणाला गेली तेव्हा तिची तुळस माझ्याकडं होती तीन महिने. तुझ्या घराची किल्ली कुणाकडं आहे?"

कुणाकडंही नव्हती. या मजल्यावर चार दारं आहेत. सहा वर्षांत मी समोरच्या घरात दोनदा गेले आहे, एकदा लिफ्ट बंद होती तेव्हा आणि एकदा हळदीकुंकवाला. मला काही मागायची वेळच आली नव्हती.

"दौऱ्यावरून येऊन मेलेलं झाड बघायचं दुःख मला पुन्हा नको होतं," मी म्हणाले.

"ते समजतं गं," ती म्हणाली, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिनं तिथं थांबून विषय संपवला नाही, पुढंही म्हणाली, की एखादं साधं झाड ठेव, तुळस ठेव, आणि किल्ली दे कुणाला तरी. मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. अजून मला ठरवता आलेलं नाही.

ती परत जायच्या आदल्या दिवशी पहाटे सहाला मी खाली गेले. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीमागं पानफुटीचं बन आहे. या दिवसांत त्याला कंदिलासारखी फुलं लोंबत असतात. लहानपणी आम्ही तिचं पान वहीत ठेवायचो आणि कडांना पिल्लं फुटायची वाट बघायचो. त्या झाडाचं एक पान मी तोडून आणलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रासकडं असलेल्या बेंजामिन हाइननं १८१३ साली लंडनच्या लिनियन सोसायटीतल्या लँबर्टना पत्र लिहिलं होतं, की या झाडाचं पान सकाळी आंबट लागतं, दुपारी बेचव आणि संध्याकाळी कडवट. रात्री छिद्रं उघडण्याचं सगळं शास्त्र पुढं ज्या धाग्यावरून उलगडत गेलं, त्याचं एक टोक या घरगुती झाडाच्या चवीत होतं.

"गिळू नकोस, नुसतं चावून थुंक," मी म्हणाले.

आत्यानं पानाचा नखाएवढा तुकडा पुढच्या दातांनी चावला आणि तिचा चेहरा आकसला. "अगं, चिंच."

दिवसभर तिनं मला तीनदा आठवण केली. संध्याकाळी साडेपाचला मी त्याच फांदीवरचं दुसरं पान आणलं. तिनं चावलं, थांबली, पुन्हा चावलं.

"गेली की सगळी चव. जरासं कडू आहे, बस."

"दिवसभरात वापरून टाकलं त्यानं."

"आणि आता रात्री परत भरणार?"

"हो."

"म्हणजे आपण झोपलेलो असताना या खिडकीत सगळे जागे असतात." तिनं तोंड धुतलं, चष्मा पुसला आणि खिडकीशी गेली. दोन्ही हात मागं बांधलेले. चार लिथॉप्स उरले होते. आमच्या मजल्यावर संध्याकाळचा उजेड समोरच्या इमारतीच्या काचांवरून परत येऊन या कट्ट्यावर पडतो, दहा-पंधरा मिनिटंच. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. बराच वेळ तिचा आवाज नाही म्हणून मी डोकावले, तर ती अजून तिथंच.

"काय गं?"

"हे कडेचं," ती वळून न बघता म्हणाली, "याचं बाहेरचं पान कालपेक्षा बारीक झालंय."